होटगी लोकलचा निरोप

आमच्या ह्यांना आगगाडीचं वेड होतं. कुणाला गाण्याचं असतं, कुणाला तमाशाचं. हे शाळेत मराठी शिकवून आले की टोपीसुद्धा न काढता स्टेशनवर जात आणि परत येऊन मला सांगत, आज होटगी लोकलच्या इंजिनाला धाप लागत होती. चुलीपुढे मला लागायची ती धाप त्यांना कधी ऐकू आली नाही.

असे आणखी पाच-सहाजण सोलापुरात निघाले, याचं मला आजही नवल वाटतं. नव्या पेठेतले कापडवाले बाळासो त्यांचे पुढारी. सगळ्यांनी मिळून अग्निरथ मित्र मंडळ काढलं होतं. दर रविवारी पुलावर उभं राहायचं, शिट्टीवरून इंजिन ओळखायचं, आणि कोण चुकलं यावर आमच्या ओसरीवर येऊन भांडायचं. चहा अर्थात मी करायचा.

होटगी लोकल ही गिरणीकामगारांची गाडी. लाकडी डबे इतके जुने की बसणाऱ्याचं धोतर फळीला अडकून फाटायचं. शेवटी रेल्वेनं ते डबे कंडम ठरवले. सोमवारपासून नवी गाडी येणार होती, आणि ती मधल्या मळेवाडी हाल्टवर थांबणार नव्हती. जुनीची शेवटची खेप रविवारी.

मंडळानं समारंभ करायचं ठरवलं. बाळासो दुकानाबाहेरच्या फळ्यावर 'सेंडऑफ' लिहू लागले, तर ह्यांनी त्यांच्या हातातला खडूच काढून घेतला. "आपल्या भाषेत शब्द असताना उसना कशाला?" असं म्हणून वळणदार अक्षरात लिहिलं, 'रविवारी सकाळी होटगी लोकलला निरोप द्यायचा आहे. ज्यांना निरोप द्यायचा असेल त्यांनी स्टेशनवर यावे.' गिरण्यांच्या फाटकांवरही हाच मजकूर लावला.

रविवारी ओवाळणीचं तबक घेऊन मी ह्यांच्यामागून स्टेशनवर गेले आणि दारातच थबकले. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. साळ्यांच्या बायका, गिरणीतले लोक, टोपल्या घेतलेल्या म्हाताऱ्या. ह्यांचा चेहरा असा फुलला की लग्नातसुद्धा फुलला नव्हता.

"बघितलंस? लोकांचा जीव असतो गाडीवर," हे म्हणाले.

तेवढ्यात एक मुंडासंवाला पुढं आला. "मास्तर, होटगीला माजा मेवना हाय. त्येला सांगा, बैल इकू नगंस."

हे गोंधळले. "मेहुण्याचं राहू द्या. गाडीला काही बोला की."

"गाडीला काय बोलू?" तोही गोंधळला.

त्याच्यामागची बाई म्हणाली, "माज्या आत्याला म्हनावं, लुगडं पोचलं." तिच्यामागच्याला मुलीचं लग्न ठरल्याचं कळवायचं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. चार-पाच माणसं बोलून गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निरोप द्यायचाय म्हटल्यावर ही सगळी माणसं सांगावा धाडायला आली होती. गाडी जातेय, मास्तर फुकटात निरोप पोचवतायत, मग कोण मागं राहणार!

त्यात हवालदार आला. मार्शल लॉ होऊन गेल्यापासून या गावात दहा माणसं एकत्र दिसली की हवालदार यायचाच.

"कसला निरोप? कुनाचा, कुनाला?"

"आमचा, गाडीला," हे म्हणाले.

"काय निरोप हाय?"

"निरोप म्हणजे निरोप."

"आवं, त्येच इचारतोय. काय हाय?"

मला हसू येत होतं आणि रागही येत होता, तबकातलं निरांजन वाऱ्यानं विझत होतं ते वेगळंच.

या रांगेत आमच्या बोळाच्या टोकाची कमलम्मा उभी होती. घरात माग, दिवसभर लुगडी विणायची. तिची एकुलती लेक सावित्रम्मा, तिनं दोन वर्षांपूर्वी आईला न विचारता मळेवाडी हाल्टवरच्या मल्लप्पा गँगमनशी लग्न केलं. साळ्याची पोर रुळावर हातोडी मारणाऱ्याकडे गेली म्हणून कमलम्मानं दार लावून घेतलं ते लावलंच. पण रोज संध्याकाळी ती रेल्वे फाटकाशी जाऊन उभी राहायची. लोकल आली की मागच्या डब्यातून गार्ड इमामसाब बाहेर वाकायचा आणि नुसता हात वर करायचा. म्हणजे पोरगी बरी आहे. यापलीकडे शब्द नाही. तिला वाटायचं हे कुणाला ठाऊक नाही, आणि अख्ख्या बोळाला ठाऊक होतं. उद्यापासून तो हातही दिसणार नव्हता.

तिची पाळी आली की ती मागच्याला पुढं घालत होती. मी विचारलं, "का हो, तुम्ही का थांबलात?"

"सांगायचं लई हाय, मास्तरीनबाई. पयलं काय सांगावं त्ये ठरंना."

"अहो, आज राहिलं ते राहिलं. उद्यापासून तिथं गाडी थांबायची नाही," मी फाडकन म्हटलं. तिचं तोंड उतरलेलं पाहून मला वाईट वाटलं, पण बोलून झालं होतं.

शिट्टी झाली. कमलम्मा धावत गार्डाच्या डब्याशी गेली, तबक सावरत मी तिच्यामागं. इमामसाबचे डोळे लाल झाले होते. त्याची सगळी नोकरी त्या डब्यात गेली होती. इंजिनाच्या हारातली मूठभर झेंडूची फुलं आणि खोबऱ्याचा तुकडा त्यानं हातात धरला होता.

"बोलो अम्मा, क्या बोलूं उसको?"

कमलम्मानं तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच ह्यांनी भाषण सुरू केलं. टाळ्या पडल्या. बाळासोंनी ताशा लावला होता, तो बडवायला लागला. तिचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. गाडी हलली.

"निरोप दिलाय म्हना," ती कशीबशी ओरडली. गाडी गेली. मी ओवाळायला हात उचलला तेव्हा समोर हवालदार होता.

माणसं पांगली. "समारंभ होता की पोस्ट हापीस?" असं पुटपुटत हे बाकावर बसले. दुपारी तीच गाडी शेवटची परत यायची होती, ती बघितल्याशिवाय मंडळ हलणार नव्हतं. पलीकडच्या बाकावर कमलम्माही बसून राहिली. कशासाठी, ते तिलाच सांगता आलं नसतं.

गाडी आली. बायकांच्या डब्यातून एक तरणी पोर उतरली, केस सुटलेले, कडेवर वर्षाचं बाळ. ती रडत धावत आली आणि ओळखीचं माणूस दिसलं म्हणून ह्यांच्या पायाशीच बसली. सावित्रम्मा होती.

"मास्तर, कुटं ठिवलंय वो?"

"आता यार्डात नेतील," हे हळहळून म्हणाले. "रडू नकोस, बाई. आम्हालाही वाईट वाटतंय."

"यार्डात? आन् मग?"

"मग काय, मोडतील. लाकूड जाळायला, लोखंड भंगारात."

त्या पोरीनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून बाळही रडायला लागलं. ह्यांना वाटलं, मंडळाला आणखी एक सभासद मिळाला.

मागून इमामसाब धापा टाकत आला, तेव्हा उलगडा झाला. मळेवाडीला त्यानं तिला फुलं आणि खोबरं दिलं होतं. "सबने निरोप दिया, बेटी," म्हणाला होता, "हार, नारळ, सब हुआ. तेरी अम्मा का भी निरोप..." आणि आपल्या गाडीच्या आठवणीनं त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. पुढचं त्याला बोलता आलं नाही आणि पुढचं विचारायला ती थांबली नाही. परतीच्या गाडीत चढली ती आईचं तोंड शेवटचं बघायला.

मी तिचा खांदा धरून तिला पलीकडच्या बाकाकडे वळवलं.

सावित्रम्मा बघतच राहिली. "अम्मा, तू हायस?"

"हाय की," कमलम्मा म्हणाली.

दोघी तशाच उभ्या. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. मग कमलम्मानं हात पुढं केले आणि बाळ घेतलं. नातू तिनं पहिल्यांदाच बघितला होता. तो गप्प झाला आणि तिच्या नाकातल्या चमकीला हात घालू लागला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पाणी आलं की मी व्यवहाराचं बोलते.

"अगं, पण तू परत कशी जाणार? उद्यापासून गाडी थांबत नाही तिथं."

"चालत जाईल की," लेकीच्या आधी कमलम्माच बोलली. बाळाचं नाक पुसता पुसता, सहज. "अडीच कोस तर हाय."

सावित्रम्मानं डोळे पुसले.

"मग आली का न्हाईस?" तिनं विचारलं.

कमलम्मानं बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि रिकाम्या गाडीकडे बघत राहिली.