चाकाआडचे आकाश

मी एक जुना स्पेसर आहे. मित्रांनो, माझे नाव तुम्ही ऐकले नसेल आणि मला पाहिलेही नसेल, कारण मी चाकाच्या मागे राहतो. ॲल्युमिनियमची एक जाड चकती. गाडीचे चाक ज्या हबवर बसते तो हब आणि चाक यांच्यामध्ये मला बसवतात. त्यामुळे चाक जरासे बाहेर सरकते. एवढेच माझे काम.

लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातणाऱ्या यंत्रावर, माझा जन्म झाला. पात्यापुढे अंगाची चकचकीत साले निघाली आणि मी गोल झालो. मग तिघा भावंडांसह खोक्यात बसून एका अंगणात आलो. तिथे एक गाडी उभी होती, इतकी उंच की मला आधी तिचे पोटच दिसले. टायरांच्या खाचांत माणसाची मूठ मावली असती. एवढे थोर जनावर, आणि त्याला माझी गरज! मी थक्क झालो.

झाले होते असे. त्या घरातल्या बाबांनी गाडी उंच करून तिला मोठे टायर घातले होते. पण वळण घेतले की पुढचे टायर आतल्या स्प्रिंगांना घासत. म्हणून आम्हाला आणले. हा सगळा खटाटोप बाबांच्या थोरल्या बहिणीसाठी होता. ती डोंगरावर दगडी घरात एकटी राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, गुडघे इतके धरलेले की पायवाट उतरवत नव्हती. आणखी थांबलात तर शस्त्रक्रियेचा उपयोग होणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"घरातली खुर्ची केव्हाची डुगडुगतेय, तिच्याकडे बघायला वेळ नाही," आई दारातून म्हणाली.

"खुर्चीला डोंगर चढायचा नाहीये गं," बाबा गाडीखालून म्हणाले.

त्यांनी हब घासूनपुसून लख्ख केला. मग ब्रश घेऊन, मी जिथे टेकणार होतो तिथेच काळा रंग लावला.

"बाबा, ते कुणाला दिसणार आहे?" लेकीने विचारले.

"मला माहीत असेल ना!"

मित्रांनो, तिथे रंग नको असतो. धातूला धातूच भिडायला हवा. मधला थर दाबाने चेपतो आणि नट सैल पडतात. पण आम्ही वस्तू बोलत नाही. बाबांनी समोरासमोरचे नट आवळत नेले, शेवटी पान्यावर सगळे अंग टाकले. "थोडी फिरवून आणली की पुन्हा आवळायचे," ते म्हणाले. ते राहूनच गेले. त्याच आठवड्यात बाबा गेले.

गाडी अंगणात धूळ खात उभी राहिली. एके सकाळी आत्याला आणायला निघालेली लेक किल्ली घेऊन आली. तिने नटावर पाना चढवला आणि तशीच थांबली. त्या नटांवर शेवटचा हात बाबांचा होता. पाना काढून तिने डब्यात ठेवला आणि गाडी सुरू केली.

डोंगर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. चाकाआड काही दिसत नाही, तिथे मी अंगाने पाहतो. दगडावर चाक चढले की गाडीचा सारा भार माझ्यावर येई आणि त्या दगडाखालून डोंगर उलट रेटा देई. दोघांच्या मधे मी! भीती वाटली, पण असे वाटले की याचसाठी मला घडवले असावे.

वर आत्या उंबऱ्यात बसली होती. गाठोडे बांधून तयार. परतीच्या उतारावर मात्र माझ्यापाशी ठक ठक सुरू झाले आणि स्टिअरिंग थरथरू लागले. एका बाजूला दरी होती. लेकीने सपाट जागा गाठून गाडी थांबवली.

"का गं थांबलीस?"

"चाक ठोकतंय, आत्या."

"मग उतरून बघ. मला काय विचारतेस, मला तर तूही धूसर दिसतेस."

लेकीने चाकांना दगड लावले, जॅक चढवला, चाक काढले. माझे नट बोटांनीच फिरले. तिने मला काढून खडकावर ठेवले. हबवरच्या रंगाचा चुरा झाला होता. फक्त कडेला एक अंगठा नीट उमटलेला होता. ती चाकू हातात धरून बसून राहिली.

"काय झालं?"

"बाबांनी इथे रंग लावलाय. खरवडावा लागेल."

"मग खरवड की."

"त्यांचा अंगठा उमटलाय गं त्यात."

आत्या गाडीचा आधार घेत जवळ आली. चाचपडत तिने ती खूण शोधली आणि तिच्यावर आपला अंगठा ठेवला.

"लहानपणापासून असाच. रंग वाळायच्या आत हात लावायचा." जरा वेळाने तिने हात मागे घेतला. "चल, खरवड आता. डोळे आहेत तोवर खाली ने मला."

लेक खरवडत होती तेव्हा मी खडकावर उताणा पडलो होतो. माझ्या मधल्या भोकातून वारा जात होता. वर निळे, अथांग असे काहीतरी होते. त्याला ना कड होती, ना ते कशावर टेकले होते. जन्मभर दोन धातूंमध्ये राहणाऱ्याला एवढी मोकळी जागा असते हेच ठाऊक नव्हते. मी थरथरलो, आणि या वेळी मला कुणी हलवत नव्हते.

मग लेकीने मला जागेवर बसवले, एकेक नट अंग टाकून आवळला. बाकीच्या तीन चाकांचेही तसेच केले. उतार संपल्यावर ती थांबली आणि सगळे पुन्हा तपासले. एक नट किंचित फिरला.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर आत्याने अंगणात गाडीभोवती फेरी मारली. "अगंबाई! ह्यात बसून आले मी? आधी दिसलं असतं तर पायसुद्धा ठेवला नसता!" आई आणि लेक कितीतरी दिवसांनी हसल्या.

आता ओल लागून माझ्या कडांवर गंजाची पांढरी पूड धरते. लेक वरचेवर चाक काढून ती पुसते.

मित्रांनो, आवडत्या माणसाने केलेले कामही उघडून पाहावे लागते. नट सैल झाला म्हणजे त्याची माया कमी पडली असे नाही. वाटच खडबडीत असते. तेव्हा थांबा, उतरा, पाना लावा. गाडीत कुणीतरी तुमच्या भरवशावर बसलेले असते.