मंगळवारचं नाव

ज्ञानदा बाळंत व्हायला महिना उरला होता आणि फ्रिजवरची नावांची यादी बेचाळीसवर गेली होती. सिद्धेशने लिहिलेलं नाव ज्ञानदा खोडायची, तिने लिहिलेलं सिद्धेश. अटी तीन होत्या. ऑफिसातल्या लोकांना उच्चारता आलं पाहिजे, शाळेत पोरांनी चिडवता कामा नये आणि अमेरिकेतल्या या श्रूजबरी गावात त्या नावाची दुसरी मराठी मुलगी नको. सिद्धेशच्या वडिलांनी, पुरुषोत्तमने, एकदा पोहे खाताखाता सुचवून पाहिलं, मुलगी आहे हे कळलंच आहे तर आजीचं नाव द्या. सुहासिनी.

ज्ञानदाने ताटलीत पाहिलं. सिद्धेश म्हणाला, "बाबा, इथे त्याचं सुहा करतील, नाहीतर सिनी. आईच्या नावाचे असे तुकडे तुम्हाला ऐकवतील का?"

पुरुषोत्तमने विषय सोडला. पण ऐकवणार नाहीत म्हणून नव्हे. सुहासिनी हे बायकोचं नाव नव्हतंच, म्हणून. तिचं नाव मंगल. मंगळवारी जन्मली म्हणून वडिलांनी ठेवलं होतं. लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं तेव्हा पुरुषोत्तमची आत्या म्हणाली, मंगल शेजारच्या घरात आहे, आपल्याला दुसरं हवं. त्याने अंगठीने तांदळात सुहासिनी असं लिहिलं आणि मंगल संपली. छत्तीस वर्षांत तिने हा विषय एकदाच काढला, तोही तांदूळ निवडताना. "निदान मला विचारायचं तरी," म्हणाली. तो हसला होता. दीड वर्षापूर्वी ती गेली. आता ते हसणं त्याला रोज आठवायचं. गंमत म्हणजे त्याने तिला दोन्हींपैकी एकाही नावाने कधी हाक मारली नव्हती. 'अगं' म्हटलं की काम भागायचं.

तिचं नाव तिला परत द्यायचं होतं. पण घरात मंगल म्हणायची त्याला लाज वाटत होती. एक तर सगळी हकीकत सांगावी लागली असती, आणि यादीवर लिहिलं असतं तर ते खोडण्यावर मात्र दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं असतं.

हिवाळ्यात ज्ञानदा ऑफिसला जाताना त्याला मॉलमध्ये सोडायची. दुकानं उघडायच्या आधी तिथे म्हातारी माणसं चालायला येत. तिथे त्याला याव भेटला. याव मेन्सा, मूळ घानाचा, शेजारच्या वूस्टर शहरात सव्वीस वर्षं बस चालवून रिटायर झालेला. पुरुषोत्तम एसटीच्या सातारा डेपोत मेकॅनिक होता. गिअरबॉक्सवर बोलायला लागणारं इंग्रजी दोघांकडे भरपूर होतं, त्यामुळे मैत्रीला वेळ लागला नाही.

एकदा पुरुषोत्तमने नावाचा अर्थ विचारला. यावने सांगितलं, त्यांच्या लोकांत नाव शोधावं लागत नाही, जन्मताना जो वार असेल त्याचं नाव सोबत येतं. याव म्हणजे गुरुवारचा. मेन्सा म्हणजे तिसरा मुलगा. बायको आमा, हॉस्पिटलात नर्स, ती शनिवारची. पुढे आठव्या दिवशी वडील आणखी नाव ठेवतात, पण वाराचं नाव कुणी काढून घेऊ शकत नाही.

"लग्नातसुद्धा नाही?" पुरुषोत्तमने विचारलं.

याव थांबलाच. लग्नाचा काय संबंध, म्हणाला. तू लग्न केलंस म्हणून मंगळवार बुधवार होतो का?

दोन फेऱ्या झाल्यावर पुरुषोत्तमने विचारलं, मंगळवारी मुलगी झाली तर काय म्हणतात?

"अबेना."

मग यावने त्याचाही वार विचारला. तो पुरुषोत्तमला ठाऊक नव्हता. शाळेत हेडमास्तरांनी सगळ्या वर्गाची जन्मतारीख एक जूनच लावली होती. यावने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं आणि निकाल दिला, की तू बुधवारचा. क्वाकू. त्यांच्याकडच्या गोष्टींतला लबाड बुधवारी जन्मलेला असतो. पुरुषोत्तमला तेव्हा हे नाव आपल्याला शोभत नाही असं वाटलं.

आठवड्याने डॉक्टरांनी सांगितलं, मूल पायाळू आहे, सिझेरियन करावं लागेल. दोन दिवस मोकळे होते, तेरा मार्चचा मंगळवार किंवा पंधराचा गुरुवार. संध्याकाळपर्यंत फोन करून कळवायचं होतं.

ज्ञानदाची आई शोभनाताई नागपूरहून येऊन दाखल झाल्या होत्या. त्यांनी तिकडच्या ज्योतिष्यांना फोन लावला आणि गुरुवार काढला. गुरुवार शुभ, दत्ताचा वार. मंगळवारी मुलगी झाली तर उद्या लग्न जुळवताना मंगळ निघाला म्हणतील. वारावरून मंगळ ठरत नाही, हे पुरुषोत्तमला माहीत होतं, पण विहीणबाईंशी पत्रिकेवर वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. त्याने चहा संपवला, टीव्हीसमोर गेला आणि हवामानाचं चॅनल लावलं.

त्या घरात हवामान हे खातं त्याचं. हिवाळाभर त्याने सांगितलं तसंच झालं होतं. कधी फावडं बाहेर काढायचं, कधी गाडी आत घ्यायची, सगळं त्याला विचारून चाले. आणि शोभनाताई आल्या दिवशीच पायरीवरच्या बर्फावरून घसरल्या होत्या. तेव्हापासून त्या बर्फाचं नाव निघालं तरी खुर्चीचा हात धरत.

तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "गुरुवारी वादळ आहे. चौदा इंच."

शोभनाताईंनी खुर्चीचा हात धरला. "चौदा?"

"कमीत कमी. रस्ते बंद करतील. अँब्युलन्सपण अडकतात म्हणे."

हे शेवटचं त्याने भर म्हणून घातलं. तेवढ्याची गरज नव्हती. शोभनाताईंनी पुन्हा नागपूरला फोन लावला, आणि ज्योतिष्यांनाही चौदा इंच ऐकल्यावर मंगळवारी सकाळी अकरानंतरचा एक बरा मुहूर्त सापडला. सिद्धेशने फोन करून दिवस कळवला.

मंगळवारी अकरा चाळीसला मुलगी झाली. त्या वॉर्डात नर्स कोण, तर यावची आमा. हे मात्र पुरुषोत्तमने जुळवलं नव्हतं. त्याने फक्त यावला वॉर्ड आणि वेळ सांगितली होती आणि आमाची ड्यूटी कधी असते ते विचारलं होतं. पाळण्यावरच्या कार्डात नावाची जागा रिकामी होती. आमाने वार विचारला, जसा काही तिला माहीतच नव्हता, आणि छान ठळक अक्षरांत लिहून टाकलं, अबेना.

ज्ञानदा गुंगीत होती. संध्याकाळी तिने कार्ड वाचलं आणि अर्थ विचारला. आमाने सांगितला. बुधवारपर्यंत अख्खा वॉर्ड मुलीला अबेना म्हणत होता आणि सिद्धेशही नकळत म्हणायला लागला. भांडण लागायला नावाची जागा रिकामी राहिलीच नाही. बेचाळीस नावं फ्रिजवर तशीच.

गुरुवारी सकाळी शोभनाताई हॉस्पिटलच्या खिडकीशी गेल्या. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. पार्किंगमध्ये एक माणूस स्वेटर काढून गाडी पुसत होता. आकाशात ढगाचा ठिपका नाही. त्या वळल्या.

"पुरुषोत्तमराव, चौदा इंच कुठे आहेत?"

तो म्हणाला, सरकलं असेल उत्तरेला. सिद्धेशने शांतपणे सांगितलं, की मी काल ऑफिसात फोन करून विचारलं, या आठवड्यात असं वादळ कुणी सांगितलेलंच नाही. ज्ञानदा उशीला टेकून बसली. तिघंही त्याच्याकडे बघत होती. पळायला जागा नव्हती. दारात खुद्द आमा औषधं घेऊन उभी होती.

तेव्हा त्याने सांगितलं. ताट, तांदूळ, अंगठी, आत्या. तांदूळ निवडताना ती काय म्हणाली ते. आपण हसलो ते. अबेना म्हणजे मंगळवारची, म्हणजे मंगलच, आणि कुणाला न कळता तिचं नाव परत घरात येईल असा बेत होता. सांगताना त्याने वर पाहिलं नाही.

आईचं दुसरं नाव होतं, हे सिद्धेश आज ऐकत होता. चौतीस वर्षांचा झाला तरी.

शोभनाताई काहीतरी जबरदस्त बोलणार, अशी पुरुषोत्तमची तयारी होती. त्या पाळण्याशी गेल्या, पांघरूण सारखं केलं.

"माझं शरयू होतं," म्हणाल्या. "मला तर नवीन नाव अक्षता पडल्यावर कळलं." मग पुरुषोत्तमकडे वळून, "पण खोटं ते खोटंच. मी नागपूरला दोन वेळा फोन केला. ज्योतिष्यांनी दोन्ही वेळा दक्षिणा घेतली."

ज्ञानदा हसली आणि टाक्यांवर हात धरून कळवळली. हॉस्पिटलचा जन्मनोंदणीचा फॉर्म दोन दिवस तिच्या उशाशी तसाच पडला होता. तिने पेन मागितलं. नावाच्या रकान्यात लिहायच्या आधी सिद्धेशकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिने मंगल लिहिलं.

"बाबा, सरळ सांगितलं असतं तर?" ती म्हणाली. "दोन मिनिटांत पाठ होईल इथल्या लोकांना. यादीत नव्हतंच हे."

"तुम्ही खोडलं असतं."

"खोडलं असतं," तिने कबूल केलं. "तेव्हा ते नुसतं नाव असतं ना."

सिद्धेशने इंग्रजीत सगळं सांगितल्यावर, मग अबेनाचं काय, असं आमाने दारातून विचारलं. ते कोण काढून घेणार, पुरुषोत्तमने तिला तिच्याच नवऱ्याचं वाक्य ऐकवलं. मग आमा औषधं देऊन गेल्यावर धीर वाढला तसा त्याने सुनेला गंभीरपणे सांगितलं, की त्यांच्या लोकांत आजीचं नाव असलेल्या मुलीला कुणी रागवायचं नसतं, तसा नियम आहे.

"हे तरी खरं का?"

"यावला विचार."

ज्ञानदाने फोनकडे हात नेला. पुरुषोत्तम घाईघाईने आपला फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये गेला, यावला आधी गाठायला. याव सगळं ऐकून इतका हसला की त्याला खोकला आला. म्हणाला, क्वाकू, तुझ्या वाराबद्दल मला आता शंका नाही.

दुपारी सगळी जेवायला खाली गेली. खोलीत ज्ञानदा झोपलेली आणि पाळण्यात ती. पुरुषोत्तमने खुर्ची पुढे ओढली. आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं, आणि छत्तीस वर्षांत जे केलं नाही ते केलं. हळूच हाक मारली.

"मंगल."

तिने डोळे उघडले नाहीत. कपाळाला आठी तेवढी घातली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. अजून राग गेला नसेल, त्याला वाटलं. ते तिच्या स्वभावाला धरूनच होतं. तो बसून राहिला. थोड्या वेळाने पुन्हा हाक मारून बघणार होता.