सातवीची नावं

“एकशे चौदा,” म्हणून माऊली खाली बसला.

“एकशे चौदा काय? उवा?” शेजारच्या रुद्रनं विचारलं.

“मेंढरं हायेत, लेका! ये कवातरी मोजायला.”

वर्ग खिदळला. मारुतराव सरही हसले आणि डोळे मिटून त्यांनी माऊलीला मेंढरांसकट मनातल्या रांगेत बसवलं. पूनम, तेवीस, घरापासून शाळेपर्यंतचे विजेचे खांब. रुद्र, चार, शाळेआधी पाणी पाजायच्या म्हशी. माऊली, एकशे चौदा.

सातवीचा गणिताचा पहिला तास तेहतीस वर्षं असाच होत आला होता. पुस्तक उघडायचं नाही. प्रत्येकानं उठून नाव सांगायचं आणि घरचा एक खरा आकडा. सगळ्यांचं झालं की सर उभे राहत आणि पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत सगळी नावं आकड्यांसह म्हणून दाखवत. वेगवेगळ्या वाड्यांवरून आलेली, एकमेकांना बिचकणारी पोरं त्या एका तासात एका वर्गाची होऊन जात. पाबळच्या बाजारात मिशावाला एखादा गडी वाट अडवी, “सर, माझा आकडा?” आणि सर हातातली पिशवी खालीही न ठेवता सांगत, “हौसराव, आठ. तुझ्या आजीचे दात.”

यंदा मात्र सरांच्या तळहातांना घाम होता.

मे महिन्यात ते भाचीच्या लग्नाला दौंडला निघाले, ते मधेच यवतला उतरले आणि स्टँडवर बसून राहिले. कुठं जायचं होतं ते आठवेना. तीन तासांनी एका चहावाल्यानं त्यांच्या डायरीतला नंबर बघून घरी फोन केला. मुलगी प्रतिभा त्यांना पुण्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. सर धडाधड दोनपर्यंत आले आणि वर विचारलं, “आता उणे संख्यांत शिरू का?” मग डॉक्टर म्हणाले, मघाशी तीन शब्द सांगितले होते, ते सांगा. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. कुणी शब्द सांगितल्याचंच त्यांना आठवत नव्हतं.

परतताना एसटीत प्रतिभा म्हणाली, “आप्पा, एकच वर्ष राहिलंय. आता बास करा की.”

“पहिल्या तासाला पोरांची नावं जमली तर वर्ष पुरं करीन. नाही जमली तर माझ्या हातानं अर्ज देईन. तू मधे पडू नको.”

ती मधे पडली नाही.

खिडकीपाशी एक मुलगी उठली. “राबिया. चार.”

“चार काय गं?”

“घरातली मानसं. आधी पाच हुतो.”

कुणी हसलं नाही. दिवाळीत तिची आई गेली, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

शेवटचा बाक सांगून झाला तशी पूनम ओरडली, “सर, चुकलात तर आठवडाभर गृहपाठ न्हाई, असं दादा म्हनला!”

“खरंय. तो आठवडा कुणाला मिळालाय का, तेही दादाला विचार.”

सरांनी हात पाठीमागे बांधले. काहीच येईना. पोरं श्वास रोखून बघत होती. मग एक नाव आलं. त्याच्यामागे दुसरं आलं, आणि मग थांबायचं कामच राहिलं नाही.

“रतन, सहा, दावणीची गुरं. गेणबा, बारा, सकाळच्या भाकरी. हौसराव, आठ, आजीचे दात...”

रुद्र फिस्सकन हसला. “आमचं चुलतं बी गेणबाच हायेत.”

सरांना ऐकू गेलं नाही. नावं अशी येत होती, जणू मे महिना झालाच नव्हता. संध्याकाळी प्रतिभाला काय सांगायचं तेसुद्धा त्यांनी मधल्यामध्ये ठरवून टाकलं. “हसीना, सात, खुडूक कोंबड्या. बाळासो, तीन, बिनचाकाच्या सायकली...” शेवटच्या बाकापर्यंत ते एका दमात पोचले. “बेचाळीसच्या बेचाळीस पोरं!” म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले.

टाळी वाजली नाही. राबिया उभी होती.

“सर, हसीना म्हंजी माझी अम्मी.”

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग पहिल्या बाकापासून एकेक तोंड बघत गेले. आत्ता घेतलेल्या नावांतलं एकही त्या बाकांवर नव्हतं. त्यांनी टेबलाची कड धरली.

“सर, ही आमच्या चुलत्यांची सातवी हाय,” रुद्र हळूच म्हणाला.

“गप ए,” पूनमनं त्याला कोपरानं ढोसलं.

राबिया अजून उभीच होती. “कोंबड्या खरंच सात हुत्या, सर?”

“सात,” सर म्हणाले. “दुसऱ्या दिवशी एक मुंगसानं नेली. तर तुझी अम्मी रडत आली, म्हणाली, सर, आता सहा धरा. मी म्हटलं, आकडा पहिल्या दिवशीचाच धरायचा.”

“अम्मीनं हे कवा सांगितलंच न्हाई,” राबिया म्हणाली आणि बसली.

गृहपाठाचं कुणी काढलं नाही.

“मी आज अर्ज देणार आहे,” सर म्हणाले. “तुम्हाला गणिताला दुसरे सर येतील. तास संपेपर्यंत मात्र मीच आहे. तुमची नावं लिहून घेतो.”

त्यांनी पूनमकडून वहीचा कागद मागून घेतला आणि राबियाच्या बाकाच्या टोकाला, गुडघे पोटाशी घेऊन बसले. पोरं पुन्हा एकेक उठू लागली. माऊलीच्या मेंढरांनाही या खेपेला कुणी हसलं नाही. सर फळ्यावर लिहीत तसंच लिहीत होते, एका ओळीत, सारख्या उंचीची अक्षरं.

“तुझं गं, बाळ?”

“राबिया, सर. चार.”

त्यांनी लिहिलं. आणखी पाच-सहा नावं झाली. मग त्यांनी मान वळवून शेजारी बघितलं.

“आणि तुझं?”

राबियाची नजर कागदावर गेली. तिचं नाव तिथं होतं. मागच्या बाकावर कुणीतरी तोंड उघडलं आणि मिटलं.

“राबिया, सर,” ती पहिल्यांदा सांगावं तसं म्हणाली. “चार.”

सरांनी लिहून घेतलं.