नदीचा मासा

व्हँकुव्हरजवळच्या नद्यांवर हौशी लोकांना गळ टाकायला नेणं हा आन्नाचा पोटापाण्याचा उद्योग होता. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, पाण्यात उतरलं की शब्द तिचाच. २०१७च्या मार्चमध्ये मात्र तिचा थोरला भाऊ केनेथ मिसिसागाहून आला, आणि थोरल्या भावाला हुकूम सोडायची तिला सवय नव्हती.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता; मटण वर्ज्य, मासा चालायचा. निघताना केनेथने तिच्या नवऱ्याला, रुडॉल्फला बजावलं, "मसाला वाटून ठेव. मासा मी आणतो."

नदीवर आन्नाने समजावलं, "दादा, इथला स्टीलहेड मासा समुद्रातून अंडी घालायला नदीत वर येतो. हॅचरीत, म्हणजे माणसांनी टाकीत, वाढवलेल्याचा शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असतो. तो घरी नेता येतो. पर शाबूत असेल तर तो नदीतच जन्मलेला, नदीचा. तो सोडायचा, कायदाच आहे."

"आधी लागू तर दे," केनेथ हसला.

दुपार कलली तेव्हा लागला. दोर सरसर सुटला आणि केनेथ गोट्यांवरून ठेचकाळत माशामागे धावला. "जास्त दमवू नकोस, लवकर आण," आन्ना ओरडली. मासा गुडघाभर पाण्यात आला. चांदीसारखा, कुशीवर गुलाबी पट्टा. आन्नाने ओल्या हाताने चाचपलं. पर शाबूत होता.

"नदीचा आहे."

"इथे कोण बघतंय? कोळ्याची पोरं आपण. हातातला मासा सोडला म्हटलं तर बाबा हसतील."

"पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून बाबा होडी वर ओढून ठेवायचे, तेव्हा कोण हसायचं? सुकटीवर दिवस काढले आपण, पण त्यांनी होडी लोटली नाही. ही मादी आहे, हिच्याही पोटात गाबोळी आहे, दादा. आणि ही साल्मनसारखी अंडी घालून मरतेच असं नाही. जगली तर पुन्हा येईल."

केनेथ माशावर वाकला. "मग फोटो तरी. उचलतो."

"पाण्याबाहेर नाही. गुडघ्यावर बस." हा आवाज गिऱ्हाइकांसाठीचा होता. केनेथ मुकाट्याने बसला.

गळाला उलटा काटा नव्हता, चिमट्याने सहज निघाला. आन्नाने मासा भावाच्या हाती दिला. मासा एका कुशीवर कलंडला.

"मेली का गं?"

"नाही. पोटाखाली हात ठेव. तोंड प्रवाहाकडे. घाई करू नकोस."

बर्फगार पाण्यात केनेथची बोटं बधिर झाली, पण त्याने हात काढला नाही. कल्ले हळूहळू उघडू-मिटू लागले. मग शेपटीत जोर भरला, इतका की त्याचा खांदा हलला.

"आता सोड."

त्याने बोटं उघडली. मासा त्याला नखशिखांत भिजवून खोल पाण्यात गेला.

"फोटो काढायचा राहिलाच," आन्ना म्हणाली.

केनेथने तोंड पुसलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, लहान मुलासारखी चमक होती. त्याने गळ उचलला.

"अजून उजेड आहे. सांग, कुठे टाकू?"

आन्नाने समोरच्या खडकापलीकडे बोट दाखवलं.