तीन नंबरचा होल्ड

फोन आला तेव्हा नीलेश साखरशेत गावात आपल्या खळ्यावर नाचणी झोडत होता. पलीकडे जहाज कंपनीचा एजंट होता, मोठ्या खुशीत. "लढाई थांबली. 'लीना' पुन्हा केळी भरतेय. पंधरा तारखेचं विमानाचं तिकीट काढू का?"

नीलेशच्या हातातली काठी गळून पडली. "सांगतो," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिला.

त्याची बायको चंद्रकला गावच्या शाळेत शिकवायची. ती दुपारी घरी आली तेव्हाही तो खळ्यातच होता. डोक्यावर ऊन, आणि हा कुडकुडतोय.

"ताप आलाय का?"

"लीनावर बोलावलंय."

"मग चांगलंच की. तुम्हाला आवडायचं ना ते जहाज?"

आवडायचं, खरंच. जव्हारला आयटीआयमध्ये फ्रिजचं काम शिकलेला नीलेश सहा वर्षं त्या जहाजावर होता. लीना म्हणजे तरंगतं शीतगृहच. चार होल्ड, म्हणजे माल भरायची चार खोल तळघरं, आणि त्यांतली थंडी राखायचं काम नीलेशचं. हिरवी केळी तेरा अंशांवर ठेवायची. पारा जरा चढला की पिकलीच, जरा उतरला की काळी पडली. मासळी मात्र उणे वीसवर. मग लढाई पेटली आणि एका सरकारने जहाज भाड्याने घेतलं. केळ्यांच्या जागी सैनिकांसाठी मटण आलं. डोक्यावरून ड्रोन घोंघावत गेले की सगळे खलाशी पालथे पडायचे. एवढं चंद्रकलेला ठाऊक होतं. गावी परतल्यापासून पुढचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आज सांगितलं.

"बंदराच्या गावातली वीज गेली. दवाखान्यात माणसं ठेवायला जागा उरली नाही. मेलेली माणसं. कप्तानाने तीन नंबरचा होल्ड उघडून दिला. तापमान बघायला रोज सकाळी मी एकटा उतरायचो. टॉर्च पायापुढे धरून, इकडंतिकडं न बघता."

चंद्रकलेने त्याचा हात धरला. गारठलेला होता.

"बाराव्या दिवशी ठकठक ऐकली. आतून. थांबली, पुन्हा झाली. मी पळालो गं. शिडी चढलो, दार लावलं, कडी घातली. कुणाला बोललो नाही. दुसऱ्या सकाळी खलाशांच्या मुकादमाला घेऊन उतरलो. थंड हवा फिरवणाऱ्या एका पंख्याचं पातं बर्फानं वाकलं होतं, तेच आपटत असणार. बाकी सगळे होते तसेच होते."

"मग पंखाच होता ना."

"असेल." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आणि नसेल तर? कुणी जिवंत असेल तर? बाहेरून दार मीच लावलं."

पंखाच होता असं पुन्हा चंद्रकलेला म्हणवेना. तिच्याही अंगावर काटा आला होता. शेवटी म्हणाली, "नका जाऊ. जव्हारात फ्रिज काय कमी बिघडतात?"

"घरी राहून ती ठकठक थोडीच थांबलीय?"

दुसऱ्या दिवशी त्याने एजंटाला फोन लावला. "येतो. पण तीन नंबरमध्ये एकटा उतरणार नाही. कप्तानाला सांगा."

"केळ्यांना घाबरता?" एजंट हसला.

नीलेशने फोन ठेवला. दोन दिवस काहीच निरोप नाही. नोकरी गेली असं धरून तो जव्हारात एका दुरुस्तीच्या दुकानात विचारूनही आला. तिसऱ्या दिवशी थेट कप्तानाचाच फोन आला. कप्तान केरळचा, हिंदीत बोलायचा.

"नीलेश, उधर अकेला कोई नहीं उतरता," तो म्हणाला. मग हळूच, "मैं भी नहीं."

पंधरा तारखेला चंद्रकला त्याला एसटी डेपोपर्यंत पोचवायला आली.

आठवड्याने त्याचा फोन आला. "आज उतरलो. मुकादम पुढे, मी मागे. त्याचा पट्टा घट्ट धरून."

"आणि?"

"केळी होती. तापमान बघितलं, काम करून वर आलो."

"उद्या?"

"उद्याही उतरायचंय," तो म्हणाला. आवाज अजून थरथरतच होता.