ढवळीची घाटी

"ये वो ढवळे, ये," म्हणत झुंबरबाईनं काळ्याकुट्ट गाईच्या पाठीवरून हात फिरवला, आणि सुचिता दोर हातात धरून जागीच उभी राहिली.

गाय काळी होती. शिंगांपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत काळी, औषधालाही पांढरा केस नाही. ढवळी ही सासऱ्यांची, किसनरावांची, जुनी पांढरी गाय, ती दिवाळीतच म्हातारपणानं गेली होती. तिच्या गळ्यातली पितळी घाटी किसनरावांनी खुंटीला जपून ठेवली आणि सुचिताच्या आईनं देऊळगाव राजाहून ही गाभण गाय पाठवली तेव्हा काही न बोलता हिच्या गळ्यात बांधली. तीन दिवस तेच गाईला आखरावर, म्हणजे गावाबाहेर ढोरं जमतात त्या माळावर, सोडून आले. आज सुचिता पहिल्यांदा आली होती.

तिनं झुंबरबाईकडे नीट पाहिलं. म्हातारी तिच्याकडेच तोंड करून हसत होती, पण नजर सुचिताच्या खांद्यावरून पार पलीकडे लागलेली. सुचिता एक पाऊल बाजूला सरकली. नजर हलली नाही.

अगं बाई! हिला दिसतच नाही.

कडूबा ढोरकी गेल्यापासून गावाची गुरं त्याची बायको झुंबरबाईच राखत होती. त्यालाही आता अकरा वर्षं झाली. मागे ना शेत ना लेक; एक लग्न झालेली नात तेवढी बुलढाण्याला. म्हातारीचं सगळं जगणं या चाळीस ढोरांच्या मागे होतं. एका घरानं आपलं जनावर काढून घेतलं की दुसरं घर काढतं आणि आठ दिवसांत आखर ओस पडतो, हे सुचितालाही कळत होतं. पण माहेरची गाय, पोटात सात महिन्यांचं वासरू, आणि समोर सातपुड्याचं रान. आंधळ्या बाईच्या भरवशावर?

गाय तिथूनच परत नेली असती, पण कारण विचारलं तर काय सांगायचं? आधी डोळ्यांनी पाहू, मग बोलू, असं ठरवून ती पदर खोचून कळपाच्या मागे निघाली. बरंच अंतर ठेवून, पावलांचा आवाज न करता.

सगळ्यांत पुढे तांबू नावाची म्हातारी गाय होती. झुंबरबाईचा डावा हात तिच्या पाठीवर, उजव्या हातात काठी. बाई रमतगमत चालत होती आणि तिच्या आजूबाजूला घाट्या वाजत होत्या. कुठली खणखणीत, कुठली बसक्या आवाजाची, एक तर नुसती टिकटिक करणारी. एखादी जरा लांब गेली की बाई मान न वळवता ओरडायची.

"मोरे! रंगरावच्या धुऱ्यात कायले घुसून राह्यली? ये इकडं!"

आणि मोरी खरोखरच धुऱ्यात, शेताच्या बांधावर, घुसलेली असायची. सुचिताला हसू आलं आणि लगेच स्वतःचा रागही आला. ती काय कौतुक करायला आली होती का?

नाल्याच्या काठावर तांबू थांबली. एका ठिकाणी दरड नुकतीच खचलेली होती. बाईला ते कुणी सांगितलं नव्हतं. तांबू वाटेत आडवी उभी राहिली, बाईच्या गुडघ्यांना आपली कूस लावून तिला वीसेक पावलं खाली घेऊन गेली आणि उताराच्या जागी नाल्यात उतरली. मागची सगळी ढोरं तोवर खोळंबून उभी होती. एकानंही पुढे घुसायची घाई केली नाही. सुचिताच्या नवऱ्यालाही बाजारात एवढा धीर नसतो.

मोहाच्या झाडांजवळ आले आणि एकदम सगळ्या घाट्या बंद झाल्या.

झुंबरबाई जागच्या जागी थांबली. सुचितानं पळसाच्या आडून पाहिलं. समोरच्या मोहाखाली अस्वल होतं. पाठीवर पिल्लू, तोंड खाली, पडलेली फुलं वेचून खाण्यात गुंग. चाळीस पावलंसुद्धा अंतर नव्हतं.

ढोरं पळाली नाहीत. आधी म्हशी पुढे झाल्या, मग शिंगाळ्या गाई. बघता बघता कडं झालं. शिंगं बाहेर, वासरं आत. झुंबरबाई आत. आणि तिला चिकटून, मान खाली घालून, सुचिताची काळी गाय. तीन दिवसांत तिला तिची जागा कुणी दाखवली असेल?

बाईनं काठी दोनदा दगडावर आपटली आणि खाकरली. अस्वलानं मान वर केली.

"खाय माय, खाय," बाई सावकाश म्हणाली. "तुहं लेकरू उपाशी असन. आमाले काई घाई नाई. बसतो आमी."

आणि खरंच बसली की! अस्वलानं दोन घास आणखी खाल्ले, नाक वर करून वास घेतला आणि ते पिल्लाला घेऊन झुडपात निघून गेलं. मग तांबूची घाटी वाजली, तिच्यामागे दुसरी, तिसरी. बाई गुडघ्यावर हात टेकून उठली. सुचिताच्या डोळ्यांत पाणी का आलं ते तिलाच कळेना.

घरी आली तेव्हा किसनराव ओसरीवर दोर वळत बसले होते.

"मामाजी, झुंबरमायला दिसत नाही," ती धापा टाकत म्हणाली.

"हाव."

"म्हणजे? तुम्हाला माहिती होतं?"

"साऱ्या गावाले माहीत आहे, पोरी." त्यांनी दोराला पीळ दिला. "तीन वर्साखाली आखरावर एकाई ढोराच्या गळ्यात घाटी नव्हती. तिच्या नातीनं माह्या कानात सांगतलं, आजीच्या डोळ्याची नस सुकली, दवाखान्यात उपाय नाई म्हणते. मंग रंगरावनं पह्यली घाटी बांधली. मंग म्या. दोघाईचा आवाज सारखा निघाला त संग्रामपूरच्या बाजारातून बदलून आणली. आता चाळीस ढोरं, चाळीस आवाज."

"आणि तिला कुणी बोललं नाही?"

"कायले बोलाचं? मान राह्यते ना माणसाचा." ते थांबले. "तू मांगं गेली होती. तुह्या गाईचं मले सांग. उद्या धाडतं का घरीच बांधतं?"

 सुचिता माठातलं पाणी प्यायली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाय घेऊन आखरावर गेली आणि लांबूनच ओरडली, "झुंबरमाय, ढवळी आली वो!"

संध्याकाळी न्यायलाही तीच गेली. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. झुंबरबाईनं गाईला पुढे आणलं आणि तिच्या पाठीवर तळहात ठेवून उभी राहिली.

"दुपारी हिले सावलीतच बसवत राह्यतो," ती म्हणाली. "पाठ लय तापते बिचारीची. काळ्या जनावराची तापतेच."

सुचितानंही गाईच्या पाठीवर हात ठेवून पाहिला.

"पह्यल्या दिवशी फसली मी घाटीनं. दुपारी हात लावला तवा समजलं." म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "मले समजलं ते किसनरावले बोलू नको हं. इतक्या हौसेनं बांधली त्यानं. साऱ्यायनंच बांधल्या. त्याईले कायले वाईट वाटू द्याचं?"

तिनं गाईला थाप मारली.

"चाल ढवळे, घरी जाय."

गाय निघाली आणि सुचिता तिच्या मागून घरी गेली.