चौथी खूण

झेपेडानं चिकटपट्टीचा रोल टिलरीच्या पाठीवरून शेवटचा फिरवला, पट्टीला लागलेला पांढरा केस खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि विचारलं,

"मांजर तुझं, की सासूचं?"

टिलरी हसला नाही.  तळहात घामेजले होते, पण विजारीला पुसायची चोरी. कडक इस्त्री मोडली असती. समोरच्या बंद दारामागे चार सार्जंट मेजरांचं परीक्षा घेणारं बोर्ड बसलं होतं आणि चौघांच्या गळ्यात निळ्या फितीतलं पदक होतं. तसलंच पदक मिळवायला स्टाफ सार्जंट टिलरी या व्हरांड्यात अर्धा तास ताटकळत उभा होता.

हे पदक देणाऱ्या सार्जंट लँगली क्लबात शिरल्यानं पगार वाढत नाही, बढती मिळतेच असं नाही, आणि घरी जायला आणखी उशीर होतो तो वेगळाच. तरी फोर्ट अ‍ॅशलॉकवरच्या हजारभर सार्जंटांपैकी ज्या तिसेक जणांकडे ते पदक होतं, त्यांच्याशी बोलताना कर्नलसुद्धा आवाज जरा खाली आणत. त्या पदकाचा अर्थ एकच होता: हा माणूस आपल्या माणसांना ओळखतो.

टिलरीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी, नुकतं मिसरूड फुटलेला शिपाई असताना, तो दारू पिऊन दोनशे मैलांवरच्या एका गावातल्या कोठडीत जाऊन पडला होता. सकाळी कोठडीचं दार उघडलं तेव्हा समोर त्याचा सार्जंट बॉइड उभा. रात्रभर गाडी हाकत आलेला. शिवी नाही, उपदेश नाही. "चल, भूक लागली असेल," एवढंच तो म्हणाला. महिन्याभरानं एका समारंभात टिलरीनं बॉइडच्या गळ्यात ते पदक पाहिलं आणि त्या दिवसापासून ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

जानेवारीत तो एकदा या दारातून नापास होऊन बाहेर आला होता. तुकडीतल्या एका शिपायाच्या तान्ह्या मुलीचं नाव त्याला सांगता आलं नव्हतं. आजची खेप दुसरी. तिसरी मिळत नाही.

"गळ्यात पट्टा बांधून घ्यायची एवढी हौस आमच्या कुत्र्यालाही नाही," झेपेडा म्हणाला. तो शेजारच्या तुकडीचा सार्जंट, टिलरीचा जुना दोस्त. टिलरीचं लक्ष नाही हे पाहून त्यानं विषय बदलला. "तुझा हॅकेट मात्र मोठा दानशूर निघाला बाबा. आमच्या तुकडीतल्या लुइसला त्यानं आपली गिटार देऊन टाकली. फुकट! मी म्हटलं, जरा मलाही काहीतरी देऊन टाक की."

"चांगलं पोरगं आहे," टिलरी म्हणाला. ओठांवर मात्र त्याची सार्जंटांच्या प्रतिज्ञेची उजळणी चालली होती.

हॅकेट खरोखरच चांगला होता. गेले तीन आठवडे दुपारच्या सुट्टीत, ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसून, त्यानंच टिलरीची तयारी करून घेतली होती. एकशे ऐंशी प्रश्न, एकशे ऐंशी कार्डं. एका हातात कार्ड, दुसऱ्यात अर्धं खाल्लेलं सँडविच. टिलरी अडला की हॅकेट कार्डाच्या पाठीवर टिचकी मारून म्हणे, "चौथं, सार्जंट. तुम्ही नेहमी चौथंच विसरता." मार्चमध्ये हॅकेटची आई गेली. तेव्हापासून पोरगं पार मिटून गेलं होतं. कुणाशी बोलणं नाही, चालणं नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र त्याचा चेहरा उजळला होता, तो हसायलासुद्धा लागला होता. टिलरी मनोमन खूश होता. आपल्या माणसाला कसं सावरलं हे बोर्डासमोर सांगायला याहून चांगलं उदाहरण कुठून आणायचं?

आज सकाळी हजेरी झाल्यावर हॅकेटनं त्याला गाठलं, तेव्हा टिलरी टाय दातात धरून बुटांच्या नाड्या बांधत होता. हॅकेटनं दातांच्या दवाखान्याची चिठ्ठी पुढे केली, टिलरीनं ती गुडघ्यावर ठेवून सही केली. मग हॅकेटनं मनगटावरचं घड्याळ सोडलं.

"तुमच्या घड्याळाचा पट्टा पार विटलाय, सार्जंट. हे घाला. बोर्डासमोर बरं दिसेल."

ते त्याच्या आजोबांचं, चावीचं घड्याळ. हॅकेट ते अंघोळीला जातानाही टॉवेलात गुंडाळून नेई.

"संध्याकाळी परत देतो," टिलरी म्हणाला.

"घाई नाही," हॅकेट म्हणाला आणि हसला.

आतून हाक आली. टिलरीनं शिरस्त्याप्रमाणे दारावर एकदाच, जोरात थाप मारली. एकदाच मारायची, दुसरी मारली तर तिथेच गुण जातात. तो आत गेला, टेबलापासून तीन पावलांवर थांबला, सलाम ठोकला आणि सांगितल्यावर खुर्चीच्या पुढच्या काठावर ताठ बसला. मुठी गुडघ्यांवर. छातीत इतकी धडधड होत होती की पदकांची रांग हलताना दिसेल असं त्याला वाटलं.

मधोमध कमांड सार्जंट मेजर प्रुइट बसल्या होत्या. बाई पाच फुटांच्या, पण त्यांच्यासमोर सहा फुटी गडी भिजलेल्या मांजरासारखे होत.

"तुकडीत किती जण, सार्जंट?"

"आठ, सार्जंट मेजर."

"आत्ता, या घटकेला, कुठे आहेत?"

हा प्रश्न येतोच. टिलरी सकाळीच घोकून आला होता. "सहा जण गाड्यांच्या आवारात, सार्जंट मेजर. एक नेमबाजीच्या मैदानावर. एक दातांच्या दवाखान्यात."

प्रुइटबाईंनी पेन कागदावरून उचललं.

"गुरुवारी सकाळी?"

टिलरीच्या आत्ता ध्यानात आलं. गुरुवारची सकाळ सार्जंटांची. त्या वेळात, बोर्डाला आलेले सोडले तर, प्रत्येक सार्जंट आपल्या माणसांना स्वतः शिकवतो, म्हणून छावणीतला कुठलाच दवाखाना कुणालाही वेळ देत नाही. कालच्या भरतीच्या पोरालाही हे ठाऊक असतं. आणि त्यानं चिठ्ठी न वाचता सही केली होती. पण बोर्डाचा पहिला धडा हाच, की चाचरायचं नाही.

"हो, सार्जंट मेजर."

बाईंनी काहीतरी लिहिलं. त्यांच्या डावीकडच्या जाडजूड सार्जंट मेजरनं क्लबाला ज्याचं नाव त्या लँगलीचा जन्म, लढाई, त्यानं पाठीवर वाहून आणलेल्या माणसांची संख्या विचारली. टिलरी बोलत गेला. जीभ आपली आपण चालत होती. मन मात्र त्या चिठ्ठीवर अडकलं होतं. दातच दुखत असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. तातडीनं घेतलं असेल आत.

"शिपाई जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या वाटेवर असेल," प्रुइटबाईंनी विचारलं, "तर त्याच्या खुणा कोणत्या? पाच सांगा."

हे कार्ड त्याला पाठ होतं. कोपरा दुमडलेला, त्यावर मोहरीचा डाग.

"एक, झोप उडणं, सार्जंट मेजर. दोन, माणसांतून उठून एकटं राहू लागणं. तीन, बरेच दिवस खचलेला माणूस एकाएकी शांत आणि आनंदी दिसू लागणं. चार…"

चौथं आलं नाही.

 टिलरी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. डोळ्यांपुढे ट्रकची फळी आली, हॅकेटचे लोंबते पाय आले, कार्डाच्या पाठीवर पडलेली टिचकी ऐकू आली. खोलीत इतकी शांतता झाली की मनगटावरच्या चावीच्या घड्याळाची टिकटिक त्याला कळू लागली.

"चार," तो म्हणाला, "जिवापाड जपलेल्या वस्तू लोकांना देऊन…"

त्याची नजर मनगटावर उतरली. गिटार. घड्याळ. घाई नाही.

"वाक्य पुरं करा, सार्जंट."

टिलरी उभा राहिला. खुर्ची मागे कलंडली. बोर्डानं सांगितल्याशिवाय कुणी उठत नाही. क्लबाच्या साऱ्या इतिहासात कुणी उठलं असेल असं वाटत नाही.

"सार्जंट मेजर, मला जायला हवं. माझा माणूस दवाखान्यात नाही."

"बसा," जाडजूड सार्जंट मेजर म्हणाला. "ही दुसरी खेप आहे तुमची. या दारातून गेलात तर…"

"ठाऊक आहे."

प्रुइटबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मनगटाकडे. उजव्या हातानं त्याचं डावं मनगट घट्ट धरलं होतं, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"नाव? खोली?"

"ड्वेन हॅकेट. जुनी बरॅक, दोनशे चौदा."

"धावा," बाई म्हणाल्या. त्यांचा हात आधीच फोनवर गेला होता.

तो सलाम न करता धावत सुटला. व्हरांड्यात झेपेडानं काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही. कवायतीचं मैदान आडवं पसरलं होतं, कॅन्ससचा वारा तोंडावर येत होता आणि आरशासारखे चमकवलेले बूट गवतावरून घसरत होते. एकदा तो गुडघ्यावर पडला, उठला. देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तर तोंडात नुसत्या खुणाच येत होत्या. एक, दोन, तीन. तीन आठवडे आपण त्या पोराच्या तोंडाकडे बघून त्याच्याच खुणा त्याला म्हणून दाखवल्या. त्यानं कार्ड हातात धरून आपल्याला चुकलेलं सांगितलं. आणि आपण त्याला शाबासकी दिली. एवढी भीती टिलरीला लढाईतही वाटली नव्हती. तिथे निदान तो आपल्या माणसांकडे बघत असे.

दुसऱ्या मजल्यावर, दोनशे चौदासमोर, ड्यूटीवरचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सार्जंट मेजरांचा फोन आला. मी वाजवलं. उघडत नाही. लावू का किल्ली?"

टिलरीनं त्याला हातानं थांबवलं आणि दारावर थाप मारली. हात इतका सवयीचा गुलाम, की त्यानं एकदाच मारली आणि थांबला.

आत काहीच हललं नाही. टिलरीनं कपाळ दाराला टेकलं.

"हॅकेट. मी आहे."

 मग दाराच्या अगदी जवळून, जणू कुणी मघापासून तिथेच उभं होतं, आवाज आला.

"सार्जंट? बोर्ड संपलं एवढ्यात?"

"संपलं नाही. मी उठून आलो."

"असं उठता येत नाही."

"हो. उघड, पोरा."

कडी निघाली. हॅकेट धुतलेल्या, इस्त्रीच्या गणवेशात उभा होता. टिलरीनं आधी त्याचे हात पाहिले, मग चेहरा, मग पुन्हा हात. धडधाकट. खोलीतली फरशी घासूनपुसून लखलखीत केलेली, गादीवरची चादर काढून चौकोनी घडी घातलेली. टेबलावर दोन पाकिटं होती. वरच्या पाकिटावर टिलरीचं नाव.

 टिलरी उघड्या गादीवर बसला आणि शेजारची जागा त्यानं हातानं थोपटली. थोड्या वेळानं हॅकेट येऊन बसला. बाहेर जिन्यावर पावलं वाजली. धापा टाकत आलेल्या प्रुइटबाई दाराशी थांबल्या, त्यांनी आत एक नजर टाकली आणि दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बघ्यांना त्या हलक्या आवाजात हाकलू लागल्या.

"आपण डॉक्टरकडे जायचंय," टिलरी म्हणाला. "आत्ता, दोघांनी. मी तिथे थांबणार आहे. उद्याही थांबणार आहे."

 हॅकेट टिलरीच्या चिखलानं भरलेल्या गुडघ्याकडे पाहत होता.

"कुठल्या प्रश्नाला उठलात?"

"खुणांच्या."

 हॅकेटनं लखलखीत फरशीकडे पाहिलं.

"तुम्ही चौथं नेहमी विसरता," तो म्हणाला. "मला वाटलं, आजही विसराल."

 टिलरीनं मनगटावरचं घड्याळ सोडवायला घेतलं. बक्कल दोनदा निसटलं. अखेर सुटलं तेव्हा त्यानं घड्याळ तळहातावर धरलं आणि म्हणाला,

"हात कर पुढे."

हॅकेट हलला नाही. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी आपल्या गळ्यातलं पदक मुठीत घट्ट धरलं होतं. घड्याळ टिकटिकत होतं. मग हॅकेटनं हळूहळू बाही वर सारली आणि हात पुढे केला. टिलरीनं पट्टा मनगटाभोवती घेतला, ओढला, आणि कुठल्या भोकात अडकवायचा ते न कळून थांबला.

"दुसऱ्या, सार्जंट," हॅकेट म्हणाला. "शेवटून दुसऱ्या."